हूटर वाजतो, पण मुंबईला फोन लागत नाही

कुडाळ-सावंतवाडीच्या पट्ट्यात बंद घरांना अलार्म बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम मी करतो. घरमालक मुंबईत, घर गावी. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर दाराला कुलूप. शेजारचं घर काजूच्या बागेपलीकडे असतं, तिथपर्यंत हूटरचा, म्हणजे अलार्मच्या भोंग्याचा, आवाज पावसात पोचत नाही. म्हणून अलार्मच्या पॅनेलला, म्हणजे सेन्सर आणि हूटर जिथे जोडलेले असतात त्या मुख्य डब्याला, जीएसएम डायलर जोडतात. आत सिमकार्ड घातलेली छोटी पेटी असते, अलार्म वाजला की ती ठरलेल्या नंबरांना फोन लावते आणि एसएमएस पाठवते. हा डायलर गप्प बसल्याच्या तक्रारी मला दर पावसाळ्यानंतर येतात. कारणं फिरून फिरून तीच निघतात, आणि त्यातली अर्धी तरी मुंबईत बसून शोधता येतात.

आधी लक्षणं बघा. तुमचं यातलं कोणतं आहे ते ठरलं की पुढचं काम निम्मं होतं.

– हूटर वाजला, शेजारी धावत आले, पण तुमचा फोन वाजलाच नाही.
– एसएमएस आला, कॉल आला नाही. किंवा याच्या उलट.
– मे महिन्यात टेस्टला फोन आला होता, ऑगस्टमध्ये आला नाही.
– वीज असताना फोन येतो, वीज गेली की येत नाही.
– डायलरचा नंबर लावला की 'बंद आहे' किंवा 'अस्तित्वात नाही' असं ऐकू येतं.
– एका नंबरला फोन जातो, बाकीच्यांना जात नाही.
– फोन येतो, पण कारण नसताना, रात्रीत चार-चार वेळा.

कोकणकन्येचं तिकीट काढण्याआधी

पहिली तपासणी तुमच्या हातातल्या मोबाईलची. डायलरचा नंबर 'घर अलार्म' अशा नावाने सेव्ह केलेला आहे का? नसेल तर तो अनोळखी नंबर ठरतो. स्पॅम अडवणारं ॲप किंवा फोनमधली 'अनोळखी कॉल शांत ठेवा' ही सोय त्याला परस्पर दाबून टाकते. नंबर सेव्ह करून फेव्हरिटमध्ये टाका आणि 'डू नॉट डिस्टर्ब'च्या सेटिंगमध्ये फेव्हरिटच्या कॉलना परवानगी द्या. चोरी रात्री दोन-तीनला होते आणि त्याच वेळी तुमचा फोन सायलेंट असतो. मी दुरुस्तीला गेलो आणि डायलर अगदी ठणठणीत निघाला, मालकाच्या कॉल लॉगमध्ये तीन मिस्ड कॉल होते, असं एकापेक्षा जास्त वेळा झालं आहे.

दुसरी तपासणी: डायलरच्या नंबरवर फोन लावा आणि काय ऐकू येतं ते नीट ऐका. घंटा वाजली तर सिम जिवंत आहे, पेटीला वीज आहे आणि नेटवर्कही आहे, म्हणजे एका फोनमध्ये तीन गोष्टी कळल्या. 'इनकमिंग सुविधा उपलब्ध नाही' अशा अर्थाचं काही ऐकू आलं तर रिचार्ज संपला आहे. 'नंबर अस्तित्वात नाही' म्हणजे सिम कायमचं बंद झालंय. 'बंद आहे किंवा कव्हरेज क्षेत्राबाहेर आहे' असेल तर वीज किंवा सिग्नल गेला आहे.

रिचार्जबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण माझ्याकडच्या तक्रारींत हेच सगळ्यांत जास्त सापडतं. हे सिम कोणाच्या खिशात नसतं, म्हणून ते कोणाच्या लक्षातही नसतं. शिल्लक दिसते, पण व्हॅलिडिटी संपलेली असते. व्हॅलिडिटी संपली की आधी आउटगोइंग बंद होतं, म्हणजे डायलरला नेमकं जे करायचं तेच. शिवाय सलग 90 दिवस काहीच वापर नसेल तर प्रीपेड नंबर बंद करायची मुभा कंपनीला असते आणि पुढे तोच नंबर दुसऱ्याच माणसाला मिळू शकतो. यावर दोन उपाय. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) डिसेंबर 2024 च्या नियमानंतर कंपन्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले पॅक आणले आहेत, त्यांतले काही वर्षभराचे आहेत. डायलरला डेटा लागत नाही, तेव्हा वर्षाचा पॅक मारा आणि तारीख घरातल्या दोघांच्या कॅलेंडरमध्ये लिहा. दुसरा उपाय म्हणजे डायलरमध्ये 'महिन्यातून एकदा टेस्ट कॉल' अशी सोय असेल तर ती चालू करा. नंबर वापरात राहतो आणि एखाद्या महिन्यात कॉल आला नाही तर काहीतरी बिघडलंय हे चोरीच्या आधी कळतं.

एसएमएस येतो पण कॉल येत नाही, किंवा कॉल येतो आणि एसएमएस नाही, अशी तक्रार असेल तर पॅकमध्ये दोन्ही आहेत का ते बघा. काही स्वस्त पॅकमध्ये एसएमएस धरलेला नसतो.

तिसरी तपासणी म्हणजे एक प्रश्न, आणि तो स्वतःला विचारायचा: गावाहून निघताना मेन स्विच पाडला होता का? शॉर्टसर्किटची भीती, मीटरचं बिल, जुनी सवय, कारण काहीही असो, बंद घराचा मेन पाडून निघणारे खूप आहेत. त्यानंतर अलार्म फक्त बॅटरीवर चालतो. साध्या पॅनेलमध्ये 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची बॅटरी असते. पॅनेल, सेन्सर आणि डायलर मिळून साधारण 0.2 अँपिअर ओढत असतील तर कागदावर 35 तास होतात, प्रत्यक्षात एक दिवस धरा. तुम्ही दादरला उतरून दोन झोपा काढेपर्यंत घराचा अलार्म मेलेला असतो. उपाय सोपा आहे, पण तो वायरमनकडून करून घ्या: अलार्मसाठी मेनच्या आधी वेगळी एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच), आणि तिच्यावर ठळक अक्षरांत 'ही बंद करू नये'.

घरी गेल्यावर, मल्टीमीटरला हात न लावता

पॅनेलजवळ जा. डायलरच्या पेटीवर नेटवर्कचा छोटा दिवा असतो. बाजारातल्या पुष्कळ टूजी डायलरमध्ये सिम800 किंवा सिम900 जातीचं मॉड्यूल (फोन लावणारा भाग) असतं, त्यांचा दिवा वाचायला शिका. साधारण सेकंदाला एकदा लुकलुकत असेल तर तो नेटवर्क शोधतोय, अजून सापडलेलं नाही. तीन सेकंदांतून एकदा लुकलुकला तर नेटवर्कला जोडला गेलाय. अजिबात लागत नसेल तर वीज नाही. घड्याळ लावून अर्धा मिनिट बघा, अंदाजाने ठरवू नका.

नेटवर्क सापडत नसेल तर पेटीची वीज बंद करून सिम काढा आणि साध्या मोबाईलमध्ये घाला. चालू पेटीतून सिम ओढू नका. मोबाईलमध्ये घातल्यावर चार गोष्टी बघायच्या. सिम पिन मागतं का? मागत असेल तर लॉक काढून टाका, कारण पेटीत पिन टाकायला कोणी नसतं. त्यावरून कॉल लागतो का? एसएमएस जातो का? आणि चौथी, सगळ्यांत महत्त्वाची: मोबाईलच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'फक्त टूजी' निवडल्यावर, पॅनेलच्याच जागी उभं राहून, रेंज उरते का?

ही चौथी गोष्ट का, ते सांगतो. जुने आणि स्वस्त डायलर फक्त टूजीवर चालतात. जिओने 2016 मध्ये सेवा सुरू केली तीच फोरजीवर, त्यांचं टूजी नाही. जिओचं सिम टूजी डायलरमध्ये घातलं तर दिवा सेकंदा-सेकंदाला लुकलुकत राहील, वर्षभर ठेवलं तरी. मोबाईलमध्ये तेच सिम छान चालतं, म्हणून लोक डायलरलाच दोष देतात आणि नवा तसाच डायलर आणतात. तुमच्या वाडीत एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल यांपैकी कोणाचं टूजी चांगलं मिळतं ते फक्त-टूजीवर ठेवलेल्या मोबाईलने बघा आणि त्याच कंपनीचं सिम घ्या. टूजीवरची रेंज आणि फोरजीवरची रेंज या एकाच ठिकाणी अगदी वेगळ्या असू शकतात.

वाडीत जिओशिवाय दुसरी रेंजच नसेल, आणि असं बऱ्याच ठिकाणी आहे, तर फोरजी डायलर घ्यावा लागतो. घेताना 'व्होल्टीई कॉल करतो का', म्हणजे फोरजीवरूनच कॉल लावतो का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. काही फोरजी पेट्या डेटा फोरजीवर चालवतात, पण कॉलसाठी टूजीवर उतरतात. जिओवर उतरायला टूजी नाही, म्हणून कॉल होत नाही.

परदेशात असलेल्या मुलाने तिकडून डायलर आणला असेल तर बॉक्सवरचे बँड (फ्रिक्वेन्सीचे पट्टे) वाचा. आपल्याकडे टूजी 900 आणि 1800 मेगाहर्ट्झवर चालतं, अमेरिकेत ते 850 आणि 1900 वर होतं. चारही बँड लिहिले असतील तर चालेल. फोरजी पेटी असेल तर बँड 3, 5 आणि 40 हे आकडे शोधा. फक्त 2, 4, 12, 13 असे असतील तर ती तिकडच्यासाठीच आहे, इथे तिच्यावर वेळ घालवू नका.

सिम परत घालताना ॲडॅप्टरकडे लक्ष द्या. जुन्या पेट्यांत मोठ्या सिमची खाच असते आणि आजची सिमं नॅनो असतात. प्लॅस्टिकच्या ॲडॅप्टरमध्ये नॅनो सिम एका केसाने जरी सरकलं तरी टोकं जुळत नाहीत. दमट हवेत खाचेतल्या पितळी पिनांवर हिरवट थर चढतो, तो कोरड्या मऊ ब्रशने काढा. पिना नखाने उचलायला जाऊ नका, वाकल्या की पेटी गेली.

आता अँटेना. चिऱ्याच्या भिंती जाड असतात, पावसात भिजल्या की सिग्नल आणखी अडवतात. पॅनेल बहुतेक वेळा मधल्या खोलीत, नजरेआड, पत्र्याच्या पेटीत बसवलेलं असतं, आणि अँटेनाही त्याच पेटीत कोंबलेला असतो. लोखंडी पेटीत ठेवलेला अँटेना म्हणजे डब्यात ठेवलेला मोबाईल. अँटेना बाहेर काढा, माळ्यावर किंवा पडवीच्या आतल्या बाजूला उंच लावा. सोबत आलेली वायर पुरत नसेल तर लांब वायर जोडत सुटू नका, त्या बारीक वायरमध्ये सिग्नल झिजतो. त्यापेक्षा डायलरची पेटीच दोन मीटर सरकवा. अँटेनाचा स्क्रू हाताने घट्ट बसलाय का तेही बघा. एका घरात तो स्क्रू मुंग्यांच्या वारुळात गाडला गेला होता. पेटीला जिथे जिथे भोक आहे तिथे मुंग्या आणि पाली शिरतात, तेव्हा वायर आत नेऊन झाल्यावर भोक सिलिकॉनने बुजवा.

मग साठवलेले नंबर. यादीत पहिला नंबर कोणाचा आहे? कित्येकदा तो वारलेल्या वडिलांचा किंवा बदललेल्या जुन्या सिमचा असतो. बऱ्याच पेट्या क्रमाने फोन लावतात आणि कोणी उचलला की थांबतात. पहिल्या नंबरवर कॉल फॉरवर्ड असेल आणि दुसरीकडे कोणी अर्धवट झोपेत उचलून ठेवला, तर पेटीच्या हिशोबाने काम झालं. पहिला नंबर गावातल्या, पाच मिनिटांत पोचू शकणाऱ्या माणसाचा ठेवा आणि तुमचा दुसरा. मुंबईतून तुम्ही धावून येऊ शकत नाही. 112 मात्र यादीत टाकू नका. रेकॉर्ड केलेला आवाज तिथे प्रश्नांना उत्तरं देऊ शकत नाही, आणि मांजर फिरल्यामुळे लागलेला कॉल दुसऱ्या कोणाची तरी निकडीची वेळ खातो. पोलिसांना फोन माणसाने करावा.

एसएमएसने पेटी चालू-बंद करायची सोय असेल आणि ती तुमचं ऐकत नसेल, तर नंबर '+91' लावून साठवून बघा. येणारा नंबर नेटवर्क +91 सह दाखवतं आणि काही पेट्या अक्षरन् अक्षर जुळलं तरच मानतात.

बॅटरी, आणि इथे व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर लागतो

वीज असताना फोन येतो, नसताना येत नाही, ही तक्रार माझ्या दृष्टीने सगळ्यांत धोक्याची, कारण दिवसाच्या टेस्टमध्ये ती सापडत नाही. वेंगुर्ल्याकडच्या एका घरात मी दोनदा जाऊन आलो होतो. बटण दाबलं की मालकाला फोन जायचा, मी समाधानाने परत यायचो, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तीच तक्रार. तिसऱ्या वेळी मी आधी अलार्मची वीज बंद केली, पाव तास थांबलो आणि मगच अलार्म वाजवला. हूटर सुरू झाला आणि डायलरचे सगळे दिवे विझले. पुन्हा लागले, पेटी नेटवर्क शोधू लागली, सापडलं, फोन लावायला गेली आणि पुन्हा विझली. हूटर थांबेपर्यंत हेच चक्र चाललं. हूटर थांबल्यावर पेटी निवांत नेटवर्कवर बसली, पण तोवर फोन लावायला सांगणारा सिग्नलच संपला होता.

घडतं ते असं. फोन लावताना जीएसएम मॉड्यूल सलग वीज खात नाही, झटक्या-झटक्याने खातं, आणि तो झटका मॉड्यूलच्या बाजूला 2 अँपिअरपर्यंत जातो. त्याच वेळी हूटरही वीज ओढत असतो. बॅटरी दमलेली असेल तर व्होल्टेज खाली बसतं आणि पेटी रिसेट होते. वीज असताना चार्जर आधार देतो, म्हणून दोष झाकला जातो.

मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर मोजा. वीज चालू असताना 13.5 ते 13.8 दिसायला हवेत. त्यापेक्षा बरंच कमी असेल तर चार्जिंग होत नाही. वीज बंद करून पाव तासाने 12.6 च्या वर हवं. आता हूटर वाजवा आणि मीटरकडे बघत राहा. मिनिटभरात 11.5 च्या खाली गेलं तर बॅटरी संपली, ती बदला. चार्ज करून वापरत राहू नका. पाव तास थांबायचं कारण असं की चार्जिंग तोडल्यावर लगेच मोजलं तर मेलेली बॅटरीही काही वेळ 13 दाखवते.

या बॅटऱ्या तीन ते पाच वर्षांच्या म्हणतात, पण तो आकडा 25 अंशांच्या आसपासचा आहे. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवली तर दोन वर्षं धरा. पूर्ण रिकामी होऊन पडून राहणं तिला सर्वांत जास्त मारतं. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. वीज आल्यावर अलार्म चालू झाले, पण रिकाम्या पडलेल्या बॅटऱ्या नंतर पहिल्या धक्क्याला बसल्या. अशी लांबलेली वीजकपात झाली की बॅटरीची ही टेस्ट न चुकता करा. हेही लक्षात ठेवा की टॉवरलाही वीज लागते. फार लांबल्यावर टॉवरच बंद पडतो आणि मग उत्तम डायलरही काही करू शकत नाही. अशा दिवसांत शेजाऱ्याला चक्कर मारायला सांगणं हाच उपाय.

बॅटरी चांगली असूनही पेटी रिसेट होत असेल तर वायर बघा. टेलिफोनची बारीक वायर पॅनेलपासून दहा मीटर लांब नेलेली असते. 0.4 मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत जाऊन-येऊन वीस मीटरला पावणेतीन ओहम पडतात. अर्धा अँपिअर गेला तरी जवळपास 1.4 व्होल्ट वाटेतच जातो. जाड वायर टाका किंवा डायलर पॅनेलजवळ आणा.

ट्रिगरची वायर

दिवा बरोबर, बॅटरी बरोबर, हाताने टेस्ट केली की फोन जातो, पण खरा अलार्म वाजल्यावर जात नाही. मग पॅनेल आणि डायलर यांच्यामधली, फोन लावायचा सिग्नल नेणारी ट्रिगरची वायर तपासायची. बहुतेक लोक हूटरच्या टर्मिनलवरूनच सिग्नल घेतात. अडचण अशी की सगळी पॅनेल सारखी नसतात. काहींत अलार्मच्या वेळी हूटरला प्लस येतो, काहींत प्लस कायम असतो आणि मायनस जोडला जातो. डायलरला मायनस मिळाला की फोन लावायचा आहे आणि तुम्ही त्याला प्लस देताय, तर तो तुमचं कधीच ऐकणार नाही. वर त्याचा इनपुट जळूही शकतो. अलार्म वाजण्याआधी आणि वाजताना असं दोन वेळा मोजा, काय बदलतं ते कागदावर लिहा, मग डायलरच्या माहितीपत्रकाशी जुळवा.

मी स्वतः मध्ये 12 व्होल्टचा रिले, म्हणजे विजेने उघड-बंद होणारा छोटा स्विच, घालतो. रिलेची कॉइल हूटरच्या टर्मिनलवर, आणि डायलरला रिलेचा कोरडा कॉन्टॅक्ट, म्हणजे स्वतःची वीज नसलेली दोन टोकं. दोन्ही पेट्यांची वीज एकमेकांत मिसळत नाही आणि उलटसुलट होण्याचा प्रश्न मिटतो. कॉइलवर 1एन4007 डायोड लावायचा, पट्टीची बाजू प्लसकडे. तो नसेल तर रिले सुटताना उठणारा व्होल्टेजचा फटका पेटीला बसतो.

पॅनिक बटणाचं एक वेगळं आहे. ते 'सायलेंट' ठेवलेलं असेल तर हूटर वाजत नाही, आणि हूटरवरून ट्रिगर घेतलेला डायलरही गप्प राहतो. घरात एकटी आजी राहत असेल तर हे आजच तपासा.

आणि कारण नसताना फोन येत असतील तर अँटेना बघा. फोन लावताना रेडिओजवळ 'टिर्र-टिर्र' आवाज येतो तो तुम्ही ऐकला असेल. तोच झटका जवळून जाणाऱ्या सेन्सरच्या वायरीत शिरतो, पॅनेलला खोटा अलार्म दिसतो, डायलर पुन्हा फोन लावतो आणि चक्र सुरू होतं. अँटेना मोशन सेन्सरपासून आणि वायरींपासून दोन-तीन हात दूर न्या.

इथे थांबा

बॅटरी फुगलेली दिसली, पॅनेलमध्ये जळका वास आला किंवा काळा डाग दिसला, तर झाकण लावा, एमसीबी पाडा आणि माणूस बोलवा. पॅनेलच्या ज्या भागात 230 व्होल्ट येतात तिथे चार्जिंग तपासायलासुद्धा हात घालू नका. चार्जर बिघडलाय हे बॅटरीच्या टोकांवरच कळतं, तुमचं काम तिथे संपतं. पॅनेलचा इंस्टॉलर कोड (बसवणाऱ्याचा गुप्त आकडा) माहीत नसेल तर अंदाजाने आकडे टाकत बसू नका, काही पॅनेल त्याने लॉक होतात. छपरावर खांब उभारून अँटेना लावायचा विचार असेल तर अर्थिंग आणि वीजरोधक (पडणाऱ्या विजेपासूनचं संरक्षण) समजणाऱ्याकडूनच करून घ्या. मे आणि ऑक्टोबरच्या विजा अशा खांबावरून थेट पॅनेलमध्ये उतरतात. सराफाचं दुकान, पतसंस्था किंवा आगीचा अलार्म असेल तर या लेखातलं सिम आणि रिचार्ज एवढंच स्वतः बघा, बाकी वायरिंगला हात लावू नका.

टेक्निशियनला फोन करताना हे सांगा: डायलरचा नंबर लावल्यावर काय ऐकू आलं, दिवा किती सेकंदांनी लुकलुकतो, सिम कोणत्या कंपनीचं आहे, आणि वीज बंद करून हूटर वाजवल्यावर बॅटरी किती व्होल्टवर गेली. एवढं फोनवर कळलं तर मी योग्य सामान घेऊनच निघतो, आणि तुमची दुसरी खेप वाचते.